कोपऱ्याचं भात

त्या दिवशी कोपऱ्यावर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे नंतर कोणी उठून बोलायला नको की मी पण तिथेच होतो. मी होते. माझी जाऊ द्वारकी होती, आणि तिची शेळी, कारण शेळीशिवाय द्वारकी कुठे जात नाय. माझा मुलगा बाळाराम होता, डोंबिवलीच्या कंपनीतली ड्युटी बुडवून आलेला. सून संगीता होती, तीच आता हे लिहून घेतेय. पलीकडच्या टॉवरवाल्यांचा सुपरवायझर होता, त्याचा जेसीबी होता, जेसीबीचा ड्रायव्हर होता. एक भगत होता, सुपरवायझरनेच रिक्षातून आणलेला. आणि मधे अनवाणी उभी ती, आमची कालेजवाली. वाडीतली बाकीची माणसं बांधावर होती ती मी धरत नाय, ती कोणाचंही भांडण असलं तरी असतात. देव होता का नव्हता यावरच सगळं अडलेलं, म्हणून त्याचं नाव यादीत घालत नाय.

आता कोपऱ्याचं सांगते. आमचं शेत आंबिवलीच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला. पहिलं बरंच होतं. एक तुकडा पाण्याच्या पाइपलायनीत गेला, एक विजेच्या टॉवरखाली गेला, एक दिरांनी विकला, त्याबद्दल द्वारकीसमोर बोलायचं नाय. आमचे मालक गेले तेव्हा बाळाराम रांगत होता. मी दुसऱ्यांच्या आवणीला, भाताची रोपं लावायला गेले, वीटभट्टीवर गेले, कल्याणच्या मार्केटात पाट्या वाहिल्या. रडले, पण हात चालू ठेवून. शेवटी राहिलं ते भाताचं एक खाचर, आणि खाचराच्या टोकाला रस्त्याकडे गेलेला तिकोनी कोपरा. त्या कोपऱ्यातूनच आत जायची वाट.

तोच कोपरा पलीकडे उंच बिल्डिंगा बांधणाऱ्या टॉवरवाल्यांना पाहिजे होता, त्यांच्या गेटासमोर गाड्या वळायला. सातबाऱ्यावर तो माझा, पण त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला वाचता येत नाय. आधी त्यांनी चुन्याची रेघ मारली, मग लोखंडी खुंट्या ठोकल्या. मी उपटायची, ते परत ठोकायचे. सुपरवायझर बोलायचा, मावशी, उगाच दमता. तो वाईट नव्हता. लातूरकडचा होता, त्याला पण वरून कोणी दमवत असेल. पण कोपरा गेला की खाचराला वाट नाय, आणि वाट नाय तर खाचर पण त्यांचंच. माझ्याजवळ येवढं एकच राहिलेलं आणि ते टिकतं का जातं ते मलाच माहीत नव्हतं.

त्या सालात ती आली.

बाळारामच्या कंपनीत कल्याणच्या चर्चमधला एक जण होता. तो बोलला, परदेशातून शेतकी शिकणारी एक विद्यार्थिनी येतेय. त्यांच्या ख्रिस्ती कालेजात एक टर्म दुसऱ्या मुलखात राहून, स्वतःच्या हाताने पीक काढून दाखवायला लागतं. तिला भात शिकायचंय, ठेवाल का. बाळारामने धरलं, असेल कोणी विशीतली पोरगी. आंबिवली स्टेशनात हा पोरगी शोधत उभा. गाड्या आल्या, गेल्या. शेवटी बाकड्यावर बसलेली एक थोराड बाई उठली, पांढऱ्या केसांची वेणी, पायात गमबूट, आणि याच्या डोक्यावर हात ठेवून बोलली, "भिऊ नको."

घरी आल्यावर मी विचारलं, बाय, कितवीला आहेस. बोलली, पहिल्या वर्षात. पन्नाशी उलटलेली बाई पहिल्या वर्षात. द्वारकी माझ्या कानाशी लागून बोलली, नापास तरी किती वेळा झाली असेल. पण तसं नव्हतं. तिच्या मुलखात बर्फ पडतो. आईबापाच्या गाई आणि आईबाप सांभाळण्यात तिचं वय गेलं, लग्नाचं राहून गेलं. दोघं गेले, मग तिने गाई विकल्या आणि कालेजात नाव घातलं. मी दुसरीत शाळा सोडली ती धाकट्या भावाला सांभाळायला. त्यामुळे मला काय ती वेगळी वाटली नाय. फक्त ती परत शाळेत गेली, मी नाय गेले.

मराठी ती आपल्या आजाकडून शिकलेली. आजा म्हणे धर्माच्या कामाला नगरकडे येऊन राहिलेला. म्हातारपणी त्याने आपल्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकातून नातीला ही मराठी भाषा शिकवली. म्हणून ती बोलायला लागली की समोरचा माणूस आधी उभा राहायचा. रिक्षावाल्याला बोलायची, "हे बंधो, मला टिटवाळ्यास ने." टिटवाळ्याला देवळात नाय, कुदळीला दांडा बसवून आणायला. एका रिक्षावाल्याने तिला सोडल्यावर खाली उतरून पाया पडून घेतलं. भाजीवालीला ती सांगायची, हे भगिनी, ही वांगी उत्तम आहेत असे मी तुला खचीत सांगते. भाजीवालीच्या सगळ्या जन्मात गिऱ्हाइकाने वांगी चांगली आहेत असं कबूल केलं नव्हतं. ती गोंधळून जास्तीच घालायची.

मला पण हे भगिनी आणि आमच्या म्हशीला पण हे भगिनी. अंगणातून हाक आली की मी आणि म्हैस, दोघी मान वर करायचो.

जेवायच्या आधी तिची प्रार्थना असायची. आम्ही काय, तोंडात घास घालताना देवाचं नाव घेतलं तर घेतलं. तिचं तसं नव्हतं. डोळे मिटून घरातल्या एकेकाचं नाव, मग आजारी असतील त्यांचं, मग गोठ्यातलं, मग तिकडे ज्यांना गाई विकल्या त्यांचं. तोवर सुक्या बोंबलाचं कालवण गारढोण. संगीता ताटावर ताट झाकून बसायची. द्वारकी जेवायला असली की तिचं पण नाव यायचं, पण शेळीच्या नंतर. द्वारकीने काही दिवस सोसलं. मग तिने तोंडावरच विचारलं, मी शेळीच्या मागे का. ती शांतपणे बोलली, शेळी गाभण आहे, तिला गरज अधिक.

द्वारकी हात धुताना मला बोलली, "आता मी पण गाभण राहू का, या वयात?"

रविवारचं तर विचारूच नका. रविवारी तिच्या देवाने पण सुट्टी घेतलेली म्हणे, म्हणून काम नाय. काम नाय म्हणजे गवताची काडी उपटायची नाय. मी तिला तो तिकोनी कोपरा दिलेला, तुझं पीक तू इथे काढ म्हणून. मनात म्हटलं, परदेशी बाई उभी दिसली तर खुंट्या ठोकणारे जरा लाजतील. रविवारी ती बांधावर छत्री घेऊन बसायची आणि भातात वाढलेल्या तणाकडे बघत राहायची. अधूनमधून तणाला बोलायची, "उद्या."

अशाच एका रविवारची गोष्ट. आवणी झालेली, पाऊस दडी मारून बसलेला, शेतात होतं तेवढंच पाणी. मी टिटवाळ्याला भावाकडे गेलेले, बाळाराम ड्युटीवर, संगीता माहेरी. सकाळी खेकड्याने बांधाला भलं मोठं भोक पाडलं आणि कोपऱ्यातलं पाणी रस्त्याच्या गटारात जायला लागलं. आता चिखल घेऊन भोक बुजवावं तर ते काम. दुसऱ्याला बोलवावं तर त्याला रविवारी कामाला लावल्याचं पाप, ते त्याहून मोठं. मी परत आले तेव्हा ही बांधातल्या भोकात बसलेली, पाणी कमरेपर्यंत, डोक्यावर छत्री, वर काढलेल्या गुडघ्यावर प्रार्थनेचं पुस्तक.

"काय करतेस, बाय?"

"काही नाही," ती बोलली. "आज रविवार आहे."

बसणं म्हणजे काम नव्हे, असा तिचा हिशेब. मी पदर खोचला, चिखल घ्यायला वाकले, तर तिने हात धरला. माझ्यासाठी तू आज श्रम करू नको. मी बोलले, अगं, मी हिंदू, मला कुठे रविवार आहे, मला तर एकादशीला पण सुट्टी मिळाली नाय. तिने यावर बराच विचार केला. मग बोलली, पण पाणी माझ्या भाताचे आहे, म्हणून पाप माझेच. मी घरी जाऊन तांदळाची भाकरी आणि सुकट आणली, ती तिने तिथेच बसून खाल्ली, आधी प्रार्थना करून. भोकात बसलेली बाई डोळे मिटून सगळ्यांची नावं घेतेय आणि मी बाजूला ताट धरून उभी.

त्याच दिवशी टॉवरवाल्यांची माणसं खुंट्या ठोकायला आलेली. बराच वेळ त्यांनी बघितलं. एकाने मोबाइलवर फोटो काढला. बाई उठेल मग ठोकू, असं ठरवून ती झाडाखाली बसली, आणि बाई काय उठली नाय. सूर्य बुडाला की तिचा रविवार संपायचा. तेव्हा ती उठली आणि भराभर चिखल थापून भोक बुजवलं. खेकडा तिच्या खालीच अडकलेला निघाला. संध्याकाळी माहेराहून परत आलेल्या संगीताने त्याचं कालवण केलं. प्रार्थनेत त्याचं पण आलं. नाव माहीत नव्हतं म्हणून "आमचा बंधू" बोलली. द्वारकीने विचारलं, मी त्याच्या आधी का नंतर. त्या रात्री आधी होती.

भात पिकलं. तिच्या कोपऱ्यातलं माझ्याइतकंच पिकलं, जास्त नाय, कमी नाय. कापणीला आम्ही तिघी एका ओळीत वाकलो. ती कापत कापत टोकाला आली आणि थांबली. विळा खाली ठेवला. संगीताला वाटलं कंबर धरली. पण कंबर नाय, शास्त्र. तिच्या शास्त्रात सांगितलंय, शेत कापताना कोपरा कापायचा नाय. तो गरिबाचा आणि परक्याचा. खाली पडलेलं पण उचलायचं नाय.

मी बोलले, बाय, माझं अख्खं शेतच आता कोपरा आहे. कोपऱ्याचा पण कोपरा ठेवायचा का. तिने विचार केला, म्हणाली, होय. संगीता बोलली, तुमच्या कालेजात पिकाचं वजन करून मार्क देणार ना, मार्क जातील की. तिने कापलेल्या पेंढ्या एकदा मोजल्या. या वयात शिकणाऱ्याला मार्कांचं काय असतं ते आपल्याला कळायचं नाय. मग बोलली, जावोत.

माझ्या घरात भाताचा दाणा कोणी वाया घालवला तर मी बोलल्याशिवाय राहत नाय. त्या दिवशी मला माझा सरवा आठवला. बाळाराम लहान असताना मी लोकांच्या कापलेल्या शेतात सरवा वेचलाय. सरवा म्हणजे कापणी झाल्यावर खाली पडून राहिलेल्या लोंब्या. एका शेतात मालक आला आणि ओटीतल्या सगळ्या लोंब्या त्याने मला परत जमिनीवर ओतायला लावल्या. ओतल्या आणि घरी आले. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, तिला पण नाय. तिचं शास्त्र काय मला वाचता येत नाय, पण ते ज्याने लिहिलं त्याने कोणाला तरी लोंब्या ओतताना बघितलं असणार. मी येवढंच बोलले, ठेव.

ठेवलं, पण न्यायला कोणी येईना. मग ती गरीब शोधायला निघाली. आंबिवली स्टेशनाबाहेर जाऊन एकेकाला विचारायची, "आपण दरिद्री आहात काय?" लोक भडकायचे. एक माणूस तर बोलला, माझं कर्ज आहे ते माझं मी बघेन, तुम्ही कोणत्या बँकेच्या. शेवटी पुलाखाली बसणारा एक भिकारी तिच्यामागे शेतापर्यंत आला. उभं भात बघून बोलला, हे कापायचं, झोडायचं, गिरणीत न्यायचं, मग शिजवायचं. येवढं करायचं असतं तर मी भीक कशाला मागितली असती. आणि गेला. वाडीतल्या कोणाला घे म्हटलं तर घेणारा गरीब ठरणार. आमच्याकडे गरीब सगळेच, पण तसं बोलून दाखवणारा एक नाय.

आता आमच्या भागात सगळं शेत कापून टोकाला भात उभं ठेवलं तर त्याचा अर्थ एकच. ते राखणीचं. शेताची राखण जो देव करतो त्याला ठेवलेलं. द्वारकीने जाता येता बघितलं, एक दिवस तिला विचारलं, हे कोणाचं. ती बोलली, माझे नाही, तुझ्या जावेचे नाही, ज्याला कोणी नाही त्याचे आहे. द्वारकीने मान हलवली आणि घरी गेली. त्याच आठवड्यात तिची शेळी व्यायलेली, जुळी करडं, दोन्ही जिवंत. तिचं नाव घेऊन येवढी प्रार्थना झालेली, उतराई व्हायला नको का. ती हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली आणि भातासमोर ठेवून गेली.

एका नारळाने काय होत नाय. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी एक दगड आणून ठेवला. मग त्याला शेंदूर. मग लाल फडकं. ज्याची पोरगी दहावीला होती त्याने बांबू पुरून घंटा टांगली. मी कोणाला सांगितलं नाय, कोणाला अडवलं पण नाय. मला खुंट्यांचं दिसत होतं. दगड आल्यापासून खुंट्या ठोकायला कोणी येत नव्हतं.

खरा घोळ तिने घातला. नारळ वाया जातात हे तिला बघवेना. सकाळी जायची, जमलेले नारळ फोडायची, आणि गरिबांचं गरिबाला मिळावं म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याच्या हातात एकेक तुकडा ठेवायची, "घे, हे तुझ्यासाठी आहे." लोकांनी धरलं प्रसाद. गोऱ्या बाईच्या हातचा प्रसाद, आणि बोलते पण कशी, पोथीसारखी. शहाडहून बायका यायला लागल्या. तिच्या हातचा तुकडा मिळावा म्हणून लोक जास्त नारळ आणायचे, आणि जास्त नारळ आले म्हणून ती जास्त वेळ वाटत बसायची.

ज्या दिवशी एका बाईने तिच्याच कपाळाला कुंकू लावलं त्या दिवशी ती जेवली नाय. ओट्यावर बसून राहिली. बोलली, माझा आजा सगळं आयुष्य तुमच्या देशात राहिला आणि त्याला जे मोडता आले नाही ते मी उभे केले. तिला हसावं का काय ते मला कळेना. मी तिच्या बाजूला बसले. बोलले, बाय, गावात देव असाच येतो, कोणी बोलवत नाय. तू भात ठेवलंस, तेवढंच तुझं. बाकीचं आमचं. ती कपाळ पुसायला गेली आणि कुंकू नाकापर्यंत पसरलं. मग मात्र संगीता हसली, आणि ती पण हसली.

आणि मग तो दिवस आला, ज्याची यादी मी वर दिली.

सुपरवायझरला वरून सांगितलेलं, आज भिंत सरळ न्यायची. जेसीबी आला. ड्रायव्हर खाली उतरला, आधी स्वतःच्या पैशाने आणलेला नारळ फोडला, चप्पल काढली, हात जोडले आणि सुपरवायझरला बोलला, मी नाय चालवणार. सुपरवायझरला याची कल्पना असावी, त्याने भगत तयारच ठेवलेला, देवाला विनंती करून दुसरीकडे हलवायला. भगताने भाताभोवती फेरी घातली, डोळे मिटले, उघडले, विचारलं, हे ठाणं कोणाचं आहे. नाव कळल्याशिवाय हलवणार कोणाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. द्वारकी बोलली, त्या बाईला विचारा, तिने बसवलंय.

सुपरवायझरच्या तोंडावर उजेड पडला. त्याला माहीत होतं ती ख्रिस्ती आहे. तिच्या जवळ जाऊन अगदी अदबीने बोलला, "मॅडम, तुमच्या धर्मात दगडाला देव मानत नाहीत. तुम्ही खोटं पण बोलत नाही. या लोकांना एकदाच सांगा, इथे देव नाही. माझं काम होऊन जाईल."

ती खोटं बोलत नाय हे मला त्याच्याहून जास्त माहीत होतं. माझ्या संगीताने केलेलं कालवण खारट झालं तर ती प्रार्थनेत देवाला तसं सांगायची. आता ती देव नाय असं बोलणार, ड्रायव्हर चप्पल घालणार, आणि कोपरा जाणार. बाळारामने माझा दंड धरला. मी बोलले, सोड, मी पडत नाय.

ती लाल झालेली. तिने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. सगळ्यांची नावं. माझं, बाळारामचं, संगीताचं, शेळीचं, दोन्ही करडांचं, द्वारकीचं. मग तिने एक डोळा उघडून ड्रायव्हरला नाव विचारलं, त्याचं घेतलं. भगताला विचारलं, त्याचं घेतलं. सुपरवायझरचं तिला माहीत होतं. भगत घड्याळ बघायला लागला. शेवटी तिने डोळे उघडले.

"देव येथे नाही, असे मला म्हणता येत नाही," ती बोलली.

"म्हणजे आहे?"

"तो नाही अशी जागा मला ठाऊक नाही."

बांधावरून कोणीतरी धावत जाऊन घंटा वाजवली. ती हात वर करून सांगत होती, पण नारळ नको, पण नारळ नको, घंटेत कोणाला ऐकू जातंय. सुपरवायझर मात्र शिकलेला होता. घंटा थांबल्यावर बोलला, मॅडम, सगळीकडे आहे ना, मग भिंतीच्या पलीकडे पण असेल. जरा सरकवू.

"देव सरकेल," ती बोलली. "भात सरकणार नाही. ते परक्याचे आहे. आपण कोठले?"

तो बोलला, लातूरचा.

"म्हणजे आपण परके. हे आपलेच आहे. कापा." आणि तिने विळा त्याच्यापुढे धरला.

सुपरवायझरने विळ्याकडे बघितलं, भाताकडे बघितलं, शेंदराच्या दगडाकडे बघितलं. भगत दोन पावलं मागे सरकला, म्हणजे माझा याच्याशी काय संबंध नाय. सुपरवायझरचा हात थोडा पुढे आलेला, ते मी बघितलं. विळा कसा धरायचा ते त्या हाताला माहीत होतं. कोणाच्या तरी शेतात मोठा झालेला पोरगा, इथे पत्र्याच्या शेडमध्ये राहून दुसऱ्याच्या भिंती बांधत होता. मला वाटलं घेईल. पण बांधावर येवढी माणसं. त्याने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताला जोडला, भाताला नमस्कार केला आणि ड्रायव्हरला बोलला, चल, फिरव.

फिरवायला जागा नव्हती. त्यासाठीच तर कोपरा पाहिजे होता. जेसीबी पार मोठ्या रस्त्यापर्यंत रिव्हर्समध्ये गेला, आणि भगत पुढे चालत हात दाखवत होता, येऊ दे, येऊ दे.

भिंत झाली, पण आमच्या कोपऱ्याला वळसा घालून. आजही तशीच आहे. टॉवरमधली माणसं गाडी तिथे हळू करतात, काच खाली करून हात जोडतात. कोणत्या देवाला ते त्यांना माहीत नाय, मला पण नाय. माझ्या खाचराला वाट राहिली.

ती झोडणी बघून गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला बोलले, बाय, परकी तर तूच आहेस, तूच ने कोपऱ्यातलं. तिने मान हलवली. बोलली, मी परकी नाही, मी त्या बांधात बसले आहे. मार्क तिला कमीच पडले, पण पास झाली. आता कितवीला आहे ते मी विचारत नाय.

दरवर्षी मी तेवढा कोपरा ठेवते. दरवर्षी कापणीनंतर संगीताच्या मोबाइलवर तिचा निरोप येतो, हे भगिनी, कोपऱ्याचे कोणी खाल्ले काय. दरवर्षी मी कळवते, नाय. लोक येतात, नारळ ठेवतात, पाया पडतात, पण भाताला हात लावत नाय, देवाचं म्हणून. दाणे गळून पडतात. संगीता बोलते, आई, एकदा हो लिहून टाकू, म्हातारीला बरं वाटेल. मी लिहू देत नाय. माझं सगळं शेत जात होतं तेव्हा पण ती खोटं बोलली नाय, आणि मी तिला मूठभर भातासाठी खोटं सांगू का. एकदा कळवलं की चिमण्या खातात, त्या पण परक्याच. तिचं उत्तर आलं, चिमण्यांची सोय देवाने वेगळी केलेली आहे.

म्हणून जो कोणी हे वाचेल त्याला सांगते. दिवाळीच्या सुमाराला या. आंबिवलीला उतरून घंटेचा कोपरा विचारा, कोणी पण दाखवेल. नारळ आणू नका, पिशवी आणा. टॉवरवाल्यांची एक उपटलेली खुंटी मी दाराला ठोकलेय, विळा तिलाच अडकवलेला असतो, मला न विचारता घ्या. तुम्ही गरीब का, कुठले, कोणाचे, ते कोणी विचारणार नाय. कापा, घरी न्या, शिजवून खा, आणि खाल्लं म्हणून मला कळवा. ओटीत घातलेलं इथे परत ओतायला कोणी लावणार नाय.